तीनशे हॉर्सपॉवरची थरथर

दसऱ्याच्या सुट्टीनंतर चाकणच्या कारखान्यातल्या बारा मोटरींपैकी पहिली सुरू केली आणि ती थंडीताप भरल्यासारखी थरथरायला लागली. चांगली तीनशे हॉर्सपॉवरची मोटर! मॅनेजर दौलतरावांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मीरासाहेब, चारपर्यंत दोष सापडला नाही तर उद्यापासून तुम्ही स्टोअरमध्ये बसा. हे काम मी बाहेरच्या एजन्सीला देतो."

तीस वर्षं मोटरींची दुखणी ओळखणाऱ्या फिटरने आता नटबोल्ट वाटत बसायचं? मीरासाहेबांना ते फारच लागलं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेरिंग गेलंय. लिहून घ्या."

बेरिंग बदललं. थरथर होती तशीच.

"मग पंपाशी जोड सरळ न्हाई, साहेब. दुसरं काय बी न्हाई."

जोड सोडवून मोटर एकटीच फिरवली, तर ती एकटीही थरथरली.

"मग आतला रोटरच!" मीरासाहेब त्याच ठसक्यात म्हणाले. त्यांचा आत्मविश्वास तसूभर कमी झाला नव्हता. कमी होत चालले होते ते मोटरीचे भाग.

नवी इंजिनिअर तनुजा कंपन मोजायचं यंत्र घेऊन सकाळपासून आकडे टिपत होती. तीन वाजता मात्र तिला राहवेना.

"चाचा, पायांचे बोल्ट एकेक करून सैल करून बघू या का?"

तिसऱ्या पायाचा बोल्ट सैल झाला आणि थरथर एकदम निम्म्यावर आली.

"हा पाय खाली टेकतच नाहीये, बोल्टने ओढून बसवलाय," तनुजा म्हणाली. "याच्याखाली फट भरायला पत्र्याचे तुकडे असणार ना? ते कुठे गेले?"

मीरासाहेबांना सगळं आठवलं. खंडेनवमीच्या पूजेला मोटर लखलखीत पाहिजे, हा हुकूम त्यांचाच. पायाखालचे ते गंजके, तेलकट तुकडे सणाला बरे दिसेनात, म्हणून त्यांनीच ते उपसून भंगारात टाकले होते. वर स्वतःच्या हातांनी झेंडूचा हार चढवला होता. गप्प बसता आलं असतं, पण खोटं बोलणं त्यांना जमेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दोष केला तुम्ही आणि शोधला हिने!" दौलतराव ओरडले.

"मोटरीचा दोष मॅडमनी शोधला. पण माझा दोष मीच शोधला की, साहेब! त्याला कुठलं यंत्र लागलं?"

दौलतरावांना हसू आवरेना. नवे तुकडे घातले आणि चारच्या ठोक्याला मोटर शहाण्यासारखी फिरू लागली.

"बरं, स्टोअरचं राहू द्या," दौलतराव म्हणाले. "पण पूजा या एकाच मोटरीची केली होती ना?"

तेव्हा कुठे मीरासाहेबांचा आवाज खाली आला.

"सणासुदीला दुजाभाव कसा करायचा, साहेब? बाराच्या बारा."