विहीणबाई गप्प झाल्या

"समुद्र माझ्या शब्दाबाहेर नाही!" असं तांडेल अन्सेल्मो म्हणाला, की त्याची बायको लुर्देस गुपचूप छातीवर क्रूसाची खूण करायची. कारण हे वाक्य तोंडातून निघाल्यावर आजवर एकही गोष्ट धड झालेली नव्हती!

फिलिपीन्समधल्या पालावान बेटाच्या त्या किनाऱ्यावर पर्यटकांना बेटं फिरवून आणणाऱ्या होड्या ढीगभर, पण 'सान अंतोनियो'ची सर एकीलाही नाही, असं अन्सेल्मोचं ठाम मत होतं. हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताचं नाव, दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या लांबलचक उलांड्या, आणि पिवळाधमक रंग, तोही स्वतःच्या हाताने दिलेला. होडीखालोखाल त्याला अभिमान होता तो आपल्या दातांचा. पर्यटकांच्या फोटोत तो मधोमध घुसायचा आणि असा काही हसायचा, की मागचं बेट दिसेनासं व्हायचं. "पन्नाशी उलटली, पण एक दात हललेला नाही! रोज सकाळी समुद्राच्या पाण्याच्या चुळा!" असं तो सगळ्यांना सांगायचा. पर्यटक बिचारे चुळा भरायचे आणि दिवसभर पाणी पाणी करायचे. लुर्देस मात्र या विषयावर कधी अवाक्षर काढत नसे.

तर त्याच्या लेकीचं, रोवेनाचं, लग्न ठरू घातलं होतं. मुलगा इलोइलो शहरातला, जेरिको, गुणी आणि जरासा घाबरट. त्याची आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका पुरिफिकासिओनबाई. एवढं नाव घेताना धाप लागते, म्हणून सगळे पुरिंगबाई म्हणत. आता रीत अशी, की मुलाकडच्यांनी मुलीच्या दाराची शिडी चढून यायचं, एकत्र जेवायचं, आणि मुलाच्या आईने सर्वांदेखत तोंडाने मुलगी मागायची. तोंडाने मागणी झाली नाही, तर लग्न नाही!

"घरी बोलवायचं?" अन्सेल्मो म्हणाला. "पत्र्याच्या दोन खोल्यांत मुख्याध्यापिकेला बसवू? छे! मागणी माझ्या होडीवर. खास होडी, एकही पर्यटक नाही! बेटं दाखवू, पाण्याखालचे मासे दाखवू, वाळूवर जेवू घालू. बाई स्वतःहून हात जोडून मुलगी मागतील!"

"अहो, पण शिडी चढून यायचं असतं ना?"

"होडीला शिडी नाही? समुद्र माझ्या शब्दाबाहेर नाही, लुर्देस!"

लुर्देसने क्रूसाची खूण केली.

पुरिंगबाई धक्क्यावर आल्या त्याच बोलत. हातात पंखा, डोक्यावर टोपलीएवढी हॅट, मागे जेरिको, आणि त्याच्या मागे सामान उचलून नेस्तोरराव, म्हणजे बाईंचे यजमान. नेस्तोररावांना अख्ख्या संसारात बोलायला सवड मिळाली नव्हती.

"या या, विहीणबाई!" अन्सेल्मो दात दाखवून म्हणाला.

"अजून मागणी घातलेली नाही, तांडेल. तोवर नुसतं बाई म्हणा," पुरिंगबाई म्हणाल्या. "आणि ही दोरी अशी वाटेत? कुणी अडखळलं म्हणजे? तो मुलगा सदरा न घालता सुकाणूवर का बसलाय?"

तो मुलगा म्हणजे लुर्देसचा चाळिशीचा भाऊ, बोयेत. त्याने निमूटपणे सदरा चढवला. पुढे पहिल्या बेटापर्यंत बाई एकसारख्या बोलत होत्या. इंजिन मोठं की बाई, हे ठरेना. पण रोवेनाने शहाळं आणून दिलं तेव्हा त्यांनी तिच्या गालावर हलकेच चापट मारली. अन्सेल्मोने ती चापट पाहिली आणि त्याचा जीव सुपाएवढा झाला. आता जेवण झालं की मागणी!

इथेच त्याने थांबायला हवं होतं. पण थांबेल तर तो अन्सेल्मो कसला!

"बाई, जेवणाआधी स्नॉर्केलिंग! खाली असे शिंपले आहेत, एकेकात माणूस बसेल!"

"या वयात? मुळीच नाही."

"मी आहे ना! हा चष्मा, ही नळी. नळीचं रबर दातात असं घट्ट चावा, की जीव गेला तरी सुटता कामा नये! बास, मग समुद्र तुमचा!"

शिकवणाऱ्याचं ऐकावं हे बाईंनी जन्मभर मुलांना सांगितलं होतं. त्यामुळे त्या चष्मा लावून, जॅकेट घालून, नळी कचकन चावून पाण्यात उतरल्या. अन्सेल्मो त्यांचा हात धरून होता. आधी निळे मासे आले, मग पिवळे, मग ते अवाढव्य शिंपले. बाईंनी चक्क अंगठा वर केला! इतक्यात खालून एक म्हातारं कासव सावकाश वर आलं आणि त्याने बाईंच्या चष्म्यासमोर चेहरा आणून त्यांना निरखून पाहिलं.

बाईंनी केवढी किंकाळी फोडली म्हणता! दोन्ही हातांनी चष्मा आणि नळी उपटून फेकली आणि शिडीकडे झेप घेतली. शिडीवर त्यांचा पाय घसरू लागला, तसा अन्सेल्मोने खालून आधार दिला. आधार कुठे दिला ते सांगत नाही. पण मुख्याध्यापिकेला तिथे हात लावायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. बोयेतने तरंगणारी नळी आणि चष्मा गोळा करून टबात टाकले.

बाई टॉवेल गुंडाळून होडीच्या टोकाला जाऊन बसल्या. टॉवेल पार नाकापर्यंत. आणि गप्प!

"आई, लागलं का?" जेरिकोने विचारलं. बाईंनी मान हलवली.

"पाणी देऊ, बाई?" लुर्देसने विचारलं. पुन्हा मानच.

अन्सेल्मो नेस्तोररावांकडे सरकला. "नेस्तोरराव, बाई रागावल्या का हो?"

"कुणास ठाऊक," नेस्तोरराव भारावून म्हणाले. "इतकं शांत मी कधी अनुभवलंच नाही. लाटांचा आवाज येतो हो इथे!"

वाळूवर केळीची पानं अंथरली होती. त्यांवर भाताच्या राशी, भाजलेलं डुकराचं मांस, खेकडे, आंबा, समुद्रातली हिरव्या मण्यांसारखी भाजी. लुर्देस पहाटेपासून राबली होती. तिने मोठ्यात मोठा खेकडा बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो हळूच सरकवला. मांस ठेवलं, तेही सरकवलं. मुलीच्या घरचं अन्न शिवलंसुद्धा नाही! यापुढे आणखी काय सांगायचं राहिलं?

मग जे व्हायचं तेच झालं. लुर्देस म्हणाली, "माझाच मेलीचा स्वयंपाक बिघडला!" रोवेना जेरिकोला म्हणाली, "तुझ्या आईला मी पसंतच नाही!" जेरिको म्हणाला, "तुझ्या बाबांनी तिला ढकललं!" रोवेना म्हणाली, "ढकललं नसतं तर बुडली असती!" आणि दोघं केळीच्या पानांच्या दोन टोकांना जाऊन बसली. वातावरण निवळावं म्हणून बोयेतने गिटार काढलं. बाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्याने गिटार ठेवलं आणि सदऱ्याचं वरचं बटणही लावलं.

जेवण संपलं. मागणीची वेळ झाली. सगळे बाईंकडे बघू लागले. बाई समुद्राकडे बघू लागल्या.

"हवं तर मी..." नेस्तोरराव घसा खाकरत म्हणाले. बाईंनी डोळे वटारले. नेस्तोरराव पुन्हा लाटा ऐकू लागले.

होडी परत निघाली. अन्सेल्मोला रडू येत होतं. घर लहान म्हणून लाजलो, होडीचा तोरा मिरवला आणि पोरीच्या संसारावर पाणी फिरवलं! तो टोपी हातात घेऊन बाईंसमोर बसला. "बाई, मला काय हवं ते बोला. शिडीवर जे झालं ते माझं चुकलं. त्या कासवाच्या वतीनेही माफी मागतो. पण पोरीला शिक्षा नको हो!"

बाईंच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. ते पुसताना टॉवेल जरा खाली सरकला. वरचा ओठ आत गेलेला, आणि आतून जीभ हिरडी चाचपते आहे. अन्सेल्मो बघतच राहिला. ही खूण त्याला चांगलीच ठाऊक होती!

"कवळी?" त्याने अगदी हळू विचारलं. "पाण्यात?"

बाईंनी डोळे मिटले आणि मान खाली घातली.

"बोयेत!" अन्सेल्मो ओरडला. "होडी वळव! नांगर राहिला तिथे!"

"नांगर हा काय, दाजी, माझ्या पायाशी आहे."

"दुसरा!"

"आपल्याकडे दुसरा कधी होता?"

"वळव म्हणतो ना!"

आता शोधायचं काय, हे बोयेतला सांगता येईना. "पांढरं, छोटं काहीतरी दिसलं की आण," एवढंच अन्सेल्मो म्हणाला. बोयेतने शिंपला आणला, पोवळ्याचा तुकडा आणला, कुणाची तरी चप्पल आणली. "दाजी, हा नांगर आहे तरी केवढा?" लुर्देस काय हरवलंय ते न विचारताच संत अंतोनियोला साकडं घालत होती. अन्सेल्मो इतक्या बुड्या मारून आला, की त्याचे डोळे लालबुंद झाले. ते कासव तेवढं दोनदा भेटून गेलं. सूर्य कलला. बाईंनी वरून हाताने खूण केली, पुरे.

अन्सेल्मो पाणी निथळत वर आला. होडीच्या एका टोकाला रोवेना, दुसऱ्या टोकाला जेरिको, मध्ये तोंड झाकून बसलेल्या बाई. त्याने एकदा लेकीकडे पाहिलं. मग दोन बोटं तोंडात घातली, कट्ट आवाज झाला, आणि वरचे ते जगप्रसिद्ध दात त्याने तळहातावर घेतले.

"हे बघा," तो म्हणाला, म्हणजे म्हणायला गेला. पहिल्या शब्दालाच शिट्टी वाजली.

"बाबा!" रोवेना किंचाळली. "तुझे दात!"

"बाटल्यांची झाकणं दाताने उघडायचो. तू पाळण्यात होतीस तेव्हाच गेले."

"आणि खाऱ्या पाण्याच्या चुळा?" बोयेत कळवळून म्हणाला. "दाजी, मी रोज भरतो हो!"

आणि टॉवेलमागून आवाज आला. आधी फुस्स, मग खो खो! पुरिंगबाई हसत होत्या. आवरेना, थांबेना, टॉवेल पडला आणि सगळ्यांना सगळं दिसलं.

"हात्तिच्या! त्याच्यासाठी गप्प होतीस होय?" नेस्तोरराव म्हणाले. "अगं, रात्री पेल्यात ठेवतेस ते मला काय ठाऊक नाही? तू लपवतेस, म्हणून मीही बघत नाही."

बाईंनी यजमानांकडे असं पाहिलं, जणू आजच ओळख झाली. मग त्या उठल्या. टॉवेल खांद्यावर पदरासारखा नीट केला. म्हणाल्या, "रीत म्हणजे रीत!" आणि शिडीने पाण्यात उतरल्या, शिडीने पुन्हा वर आल्या. या खेपेला कुणीही आधार दिला नाही.

"तांडेल," त्या म्हणाल्या, "तुमची रोवेना आमच्या घराला फून म्हणून द्या. तुमच्याफारखा बाप मिळाला, हे माझ्या पोराचं भाग्य."

"दिली! दिली, विहीणबाई!" अन्सेल्मो ओरडला आणि आनंदाने त्याने दोन्ही हात आकाशाकडे फेकले.

डुबुक.

सगळ्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या तळहाताकडे.

संध्याकाळी लुर्देस टबातलं सामान धुवायला बसली. एक नळी उचलली आणि तिने "संत अंतोनियो!" म्हणून हाक मारली. नळीच्या रबराला बाईंची कवळी अजून करकचून चावून बसली होती. तांडेलाची आज्ञा तिने तंतोतंत पाळली होती. संताने बाईंचे दात शोधून दिले आणि अन्सेल्मोचे दक्षिणा म्हणून ठेवून घेतले. अन्सेल्मोने तक्रार केली नाही. उलट मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि मनापासून म्हणाला, "देवा, पोरगी उजवली. अजून चार दात असते तर तेही दिले असते!"

लग्न ठरल्या दिवशी लागलं. नवी कवळी मात्र ठरल्या दिवशी आली नाही. दातांचा डॉक्टर बेटावर महिन्यातून एकदा येणार, आणि त्या महिन्यात त्याची बोट चुकली. त्यामुळे चर्चबाहेर फोटोसाठी उभं राहिल्यावर मुलीचा बाप ओठ शिवल्यासारखा उभा! पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. "तोरा बघा तांडेलाचा! लेकीच्या लग्नातसुद्धा हसवत नाही."

ते पुरिंगबाईंच्या कानावर पडलं. त्यांनी पंखा उघडला, तोंडासमोर धरला, आणि कट्ट. कवळी रुमालात गुंडाळून त्यांनी नेस्तोररावांच्या खिशात टाकली आणि अन्सेल्मोच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हफा, व्याही," त्या म्हणाल्या. "आता कोण काय म्हणतं बघते!"

अन्सेल्मोचे डोळे भरून आले आणि तोंड कानापर्यंत उघडलं. तो फोटो आजही रोवेनाच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. नवरानवरी बाजूला राहिली, आधी दिसतात ती दोन रिकामी हसरी तोंडं.

फोटो झाला आणि मांडवात भाजलेलं अख्खं डुक्कर आलं. सोनेरी, कुरकुरीत, कातडीवर टिचकी मारली तर वाजेल असं! दोन्ही व्याह्यांच्या पानांत मानाचा पहिला तुकडा पडला.

"अहो!" पुरिंगबाईंनी हाक मारली. "माझे दात!"

पण नेस्तोररावांना होडीवरच्या त्या दिवसापासून मोकळेपणाची चटक लागली होती. ते दात खिशात घेऊन बँडच्या मागे मागे नाचत पार धक्क्यापर्यंत पोचले होते. शेवटी लुर्देसने दोघांपुढे मऊ भाताची पेज आणून ठेवली.