कुसवड्याचा गुडघा

आमच्या कुसवड्यात अधू गुडघा एकच आहे आणि तो दर सोमवारी घर बदलतो. देणाऱ्यानं ‘घ्या’ म्हणायचं, घेणाऱ्यानं ‘आणा’ म्हणायचं, की झालं. ज्याच्याकडे गुडघा, अपंगत्वाची पेन्शनही त्याची. त्या आठवड्यात शेजारी पाणी भरतात, कुणी भाकरी टाकून जातं, गप्पांना सगळा गाव ओसरीवर. खोटं कशाला बोलू, मला तो आठवडा आवडतो.

यंदा विधिमंडळाची पेन्शन तपासणी समिती आली, तेव्हा गुडघा सुलभावहिनी खरातांकडे होता. शुक्रवारी तालुक्याला त्यांची फुगडीची अंतिम फेरी, म्हणून त्याआधी मी तो उचलणार होतो. अडीनडीला आम्ही मधल्या वारीही चालवून घेतो.

समितीचे अध्यक्ष आमदार टेंभेकर. माणूस चांगला, पण नियमाला चिकट.

“योजना कायमच्या अपंगत्वासाठी आहे,” ते म्हणाले.

“गुडघा कायमचाच आहे, साहेब,” मी म्हणालो. “माणसं बदलतात.”

“तेच चालत नाही. आज ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडेच तो जन्मभर राहील. नाहीतर पेन्शन बंद.”

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. अर्धा गाव ‘आणा, आणा’ करत उठला. समितीसमोर हस्तांतर करता येत नाही, असं सचिवांनी सांगितलं. माझं डोकंच सणकलं. अरे, बाईनं फुगडी खेळायची की नाही?

“दादा,” वहिनी टेंभेकरांना म्हणाल्या, “आठवडाभर मी हसत काढते. जन्मभर एकटीनं कसं काढू? तुम्ही काढाल?”

समितीत विरोधी पक्षाच्या मुजावरबाई होत्या. त्या म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, तपासणीची वस्तू समितीला ताब्यात घेता येते. तसा नियम आहे.”

टेंभेकरांनी पुस्तक उघडून पाहिलं. नियम होता. बाकीचे सदस्य छताकडे बघायला लागले.

“घ्या,” वहिनी म्हणाल्या.

“आणा,” टेंभेकर म्हणाले. मग उठायला गेले आणि “आई गं!” करून खाली बसले. मुजावरबाईंनी त्यांना हात धरून गाडीपर्यंत नेलं.

शुक्रवारी वहिनींनी अशी फुगडी घातली की पंचांनाच गरगरलं. पहिला नंबर! ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण काय आनंद झाला म्हणून सांगू!

सोमवारी टेंभेकर स्वतः आले. सभागृहानं अहवाल एकमतानं मंजूर केला होता. आता योजनेत अपंग व्यक्ती म्हणून कुसवडे गावाचं नाव लागलं. गुडघा त्यांनी माझ्या हवाली केला, तरी चहा संपवून ते वहिनींच्या ओसरीवर घुटमळत राहिले.

“फार दुखला का हो?” वहिनींनी विचारलं.

“दुखला तर! पण ताई, मुजावरबाई रोज जिना चढवायच्या. जेवलात का म्हणून विचारायच्या. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.” त्यांनी उगाच उपरणं सारखं केलं. “समितीला वर्षातून एखादा सोमवार मिळेल का?”

“मिळेल की,” वहिनी म्हणाल्या. “पण तुमच्या आधी तलाठी आहेत.”