डॉक्टरांसाठी रेड वाईन

महिपत सरांना रेड वाईनची एक बाटली हवी होती, आणि ती घेताना कुणी बघायला नको होतं. त्यांच्या तळा गावात तर हे शक्यच नव्हतं. सर निवृत्त मुख्याध्यापक, शिवाय व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. दारूच्या दुकानावरून जायची वेळ आली तर ते उन्हाळ्यातही छत्री उघडून त्या बाजूला आडवी धरत.

"अवो, घरचं तांदूळ हायेत, वाल हायेत, काकड्या हायेत," सखूबाई पिशवी भरता भरता म्हणाल्या. "तेवढं पुरं न्हाय का?"

"तांदूळ आपण कुणालाही देतो. त्या माणसाने तुझा जीव वाचवलाय."

ते खरंच होतं. अलिबागला एका लग्नात सखूबाई पंगतीतच पोट धरून आडव्या झाल्या होत्या. अपेंडिक्स फुटलं होतं. मुंबईचे सर्जन डॉक्टर विनेश सुट्टीसाठी नागावच्या बंगल्यावर आलेले. निरोप गेला तेव्हा ते समुद्रात पोहत होते. ते तसेच ओल्या हाफ पँटवर दवाखान्यात धावले आणि कपडे बदलून थेट ऑपरेशनला उभे राहिले. सखूबाई वाचल्या. आयुष्यभर सभा गाजवणाऱ्या सरांना मात्र निघताना डॉक्टरांशी एकच वाक्य बोलता आलं, "हिला भात कधीपासून द्यायचा?" आभार राहूनच गेले. ती रुखरुख सरांना स्वस्थ बसू देईना. डॉक्टरांना रेड वाईन आवडते, एवढं त्यांनी तिथल्या नर्सकडून काढून घेतलं होतं. आणि आता डॉक्टरांनीच दोघांना रविवारी बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं.

रविवारी एस.टी.तून अलिबागला उतरल्यावर सरांनी सखूबाईंना स्टँडवर बसवलं आणि ते बाजारात शिरले. दारूच्या दुकानासमोरून दोनदा गेले. दोन्ही वेळा कुणीतरी ओळखीचं वाटलं. शेवटी घाम पुसायला म्हणून ते शेजारच्या मोठ्या किराणा दुकानात घुसले. तिथे सगळ्याच मालावर सूट होती आणि आत गारवा होता. तेल-सॉसच्या कपाटापाशी ते उगाच वाकले, आणि अगदी खालच्या फळीवर त्यांना ती दिसली. काळपट लाल, डौलदार, उंच मानेची बाटली. वर इंग्रजीत ठळक अक्षरं, 'रेड वाईन'. खालच्या अर्ध्या लेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, 'निम्म्या किमतीत'.

सरांना क्षणभर खरं वाटेना. किराणा दुकानात वाईन? मग मध्यंतरी पेपरात यावरून काहीतरी वाद वाचल्याचं त्यांना आठवलं. बहुतेक त्या वादात आपली बाजू हरली असावी. एरवी त्यांनी तिथेच निषेध केला असता. आज त्यांनी मनोमन सरकारचे आभार मानले, बाटली छातीशी धरली आणि वर दोन किलो रवा घेतला.

बिल करायला बसलेली मुलगी एकदम उभी राहिली. "सर! तुम्ही? मी मैत्री. तुमच्या वर्गात होते."

सरांनी बाटलीवर रवा ठेवला. "हो, हो. कशी आहेस? ही आपली... जरा औषधासाठी."

"चांगलं असतं सर. माझी आई तर रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे घेते. वजन उतरतं म्हणे."

सर हादरले. मैत्रीची आई अंगणवाडी सेविका. समितीच्या प्रत्येक फेरीत घोषणा द्यायला ती सगळ्यांत पुढे असे.

"आणि वडील? ते काही बोलत नाहीत?"

"बाबा काय बोलणार? आता तेही घेतात. पाण्यातून."

"जपून घ्या म्हणावं," एवढंच सर कसंबसं म्हणाले. समितीचं पुढे कसं होणार, या विचारात ते उरलेले पैसे घ्यायलाही विसरले. मैत्रीला ते द्यायला रस्त्यापर्यंत पळत यावं लागलं.

नागावच्या बंगल्यावर डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी मृणालताई दारातच उभे होते. तांदूळ झाले, वाल झाले, काकड्या झाल्या. मग सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली खाली मान घालून पुढे केली. मृणालताईंनी कागद सोडला आणि त्या चक्क ओरडल्या.

"अय्या! ही कुठे मिळाली तुम्हाला? दोन आठवडे शोधतेय मी!"

सर चपापले. "म्हणजे... मी डॉक्टरांसाठी..."

"त्यांना कशाला? ही माझी!" असं म्हणून त्या बाटली घेऊन आत पळाल्यासुद्धा.

डॉक्टर हसले. "सगळे पेशंट माझ्यासाठी काहीतरी आणतात. हिच्या आवडीचं आणणारे तुम्ही पहिलेच. थँक यू हं, सर."

आभार मानायला आलेल्या सरांवर असं उलटं ऐकून घ्यायची पाळी आली. तेवढ्यात सखूबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. स्वयंपाकघर बाहेरून दिसत होतं. मृणालताईंनी काकडी आणि पांढरा कांदा चिरला होता, आणि त्यावर त्या बाटलीतून सढळ हाताने ओतत होत्या.

"अवो, बाई कांद्यावर दारू वततायत."

"हळू बोल. मोठ्या लोकांची रीत असेल."

"मंग आता?"

सरांनी जन्मात थेंबाला स्पर्श केला नव्हता. पण नाही कसं म्हणणार? आणलेली त्यांनीच होती. पानं मांडली गेली, वाटीतून ती कोशिंबीर आली. सर भात चिवडत बसले. सखूबाईंनी मात्र पदर खोचला. "ज्यांनी माझं पोट शिवलं, त्यांच्या घरचं हाय. मी खानार." त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, उघडले. "आंबट हाय. पन चांगलं लागतंय." आणि त्यांनी आणखी मागितलं.

मग सरांनीही डोळे मिटून तोंडात टाकलं. कोशिंबिरीत हिरवी मिरची बरीच होती. त्यांचे कान तापले, कपाळावर घाम आला, डोकं हलकं झालं. चढली, त्यांनी ओळखलं. आणि चढलीच आहे तर आता काय, असं म्हणून त्यांनी वाटी संपवली. मग ते बोलू लागले.

"डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही आत गेलात आणि मी बाहेर बाकावर बसलो. मला देवाचं नाव आठवेना. मला साखरेचा डबा आठवत होता."

"साखरेचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घरात तो कुठे असतो, ते मला माहीत नाही. कधी लागलंच नाही. मागायच्या आधी चहा समोर यायचा. मी तिथे बसून म्हणत होतो, ही गेली तर मी विचारू कुणाला? हेडमास्तर म्हणून सगळ्या गावाला शिकवलं, आणि घरात मी पाहुण्यासारखा राहिलो. तुम्ही बाहेर येऊन 'ठीक आहेत' म्हणालात, तेव्हा तुमचे पाय धरावेसे वाटले. आणि मी भाताचं विचारलं! डॉक्टर, तुम्ही हिला नाही, मला वाचवलंत."

सखूबाई पानातल्या भाताकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"माफ करा," सर डोळे टिपत म्हणाले. "मला चढलीये."

"काय चढलंय?"

"वाईन."

मृणालताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी बाटलीकडे. ताईंनी ती पिवळी चिठ्ठी नखाने हळूच सोलली. 'रेड वाईन'च्या खाली तिसरा शब्द निघाला, 'व्हिनेगर'.

"सर, हा शिरका आहे. कोशिंबिरीत घालायचा. याने कुणाला काही चढत नाही."

डॉक्टर आधी हसू दाबत होते, मग त्यांना ते दाबवेना. मृणालताई तोंडाला पदर नव्हता म्हणून नॅपकिन लावून हसल्या. सरांच्या डोळ्यांसमोरून मैत्रीची आई चमचा घेऊन गेली, आणि तेही हसायला लागले.

हसल्या नाहीत त्या फक्त सखूबाई. त्या नवऱ्याकडे रोखून बघत होत्या.

"म्हंजे ह्ये समदं तुमी शुद्धीवर बोललाव?"

सरांचं हसू थांबलं. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या वाटीकडे. मग आयुष्यभर वर्गात मुलांच्या तोंडून आला की जो ते दुरुस्त करत आले, तोच गावठी शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"व्हय."

सखूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि त्या मृणालताईंकडे वळल्या.

"ताई, त्यांना आजून वाढा."