चंद्रिकाबाईंचं गुलाबी चहापान

चहापानाच्या शास्त्रात सगळ्यात मोठी अडचण चहाचीच आहे. तो तपकिरी असतो. सोलापुरात हे प्रथम चंद्रिकाबाईंच्या लक्षात आलं, आणि तेही त्यांच्या शिवानीला बघायला अक्कलकोटहून पाहुणे येणार त्याच दुपारी.

मोबाइलवर त्यांनी एक सुरेख गुलाबी टेबल पाहिलं होतं. तेव्हापासून घरात रंगाची आचारसंहिता लागू होती. टेबलावर गुलाबी कापड, गुलाबी कप, गुलाबी टॉवेलांच्या घड्यांचे हंस. (टॉवेल सोलापूरचे, पण हंस परके, त्यांच्या माना सारख्या पडत.) भर उन्हाळ्यात उजेड कमी पडू नये म्हणून मेणबत्त्या लावल्या आणि त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद केला. शेंगाचटणीला रंगाच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यात आला. यजमान शिवानंद यांना गुलाबी सदरा घातल्यावरच बसायची परवानगी मिळाली.

चहात बीट घालण्याचा प्रयोगही झाला. शिवानंदनी एक घोट घेतला आणि उरलेला कप मोरीत ओतला. तेव्हा चहा आतच ठेवायचं ठरलं.

“टेबल लई देखणं झालं की गं,” सासूबाई निंगव्वा म्हणाल्या. “पण चहा कुटं हाय?”

“अव्वा, आधी फोटो. चहा मग.”

शिवानीला मुलगा, महेश्वर, फोटोतच आवडला होता. तिला भीती एकच, की या टेबलापुढे आपल्याकडे कुणी बघणार नाही.

तसंच झालं. महेश्वरची आई सुंदरम्मा उंबऱ्यातच थबकल्या. “अय्यो! ह्याला हात कसा लावायचा?”

कुणीच लावला नाही. सगळे घामाने निथळत होते, पण टॉवेल हंस झालेले असल्यामुळे तोंड कशाला पुसायचं हा प्रश्न अनिर्णित राहिला. महेश्वरने एकदा कप उचलला. “ठेव तो, मांडणी मोडंल,” आईने दटावलं. चहूबाजूंनी फोटो निघाले. शिवानीला कुणी काही विचारलं नाही. “कळवतो,” म्हणून पाहुणे गेले. स्थळं नाकारताना आपल्याकडे हाच शब्द वापरतात.

शिवानी आत जाऊन रडली. डोकं सगळ्यांचंच दुखत होतं आणि घरातल्या चहात बीट होतं, म्हणून घर बंद करून मंडळी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर गेली.

तिथल्या बाकावर महेश्वर आणि सुंदरम्मा दुसरा चहा पीत होते.

महेश्वर बाकावर सरकला. “बसा की.”

शिवानी बसली. “कळवतो म्हणालात, ते काय झालं?”

“अहो, चहाशिवाय मला हो-नाही काहीच ठरवता येत नाही.”

“मलाही.”

तिने चहात बुडवलेली खारी कपातच पडली. महेश्वरने आपला चमचा पुढे केला. सुंदरम्मांनी ते पाहिलं. “पोरगी पसंत हाय,” त्या म्हणाल्या. “पण साखरपुड्याला टेबल आमचं. निळं!”

चंद्रिकाबाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच काळजी दिसली.

लग्न टेबलामुळे जमलं, असंच त्या आजही सांगतात. तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा. मात्र तुमच्या काचेच्या कपाटात सोनेरी काठाच्या कपांचा सेट पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला आहे, त्यातून आजवर एकाही पाहुण्याने चहा प्यायलेला नाही. आणि आत्ता तुमच्या हातात जो कप आहे, त्याचा कान तुटलेला आहे.