निसारमामूंचा उंबरा

गावात कुणी "पाणी आलं" म्हणून ओरडत आलं, की लोक लेकरं उचलतात, धान्याची पोती वर ठेवतात. आमचे शेजारी निसारमामू दाढी खाजवत विचारतात, "कोन्तं पाणी?"

उत्तर मिळाल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या खाली, पूर्णेच्या काठाला. मामू गाद्या भरतात. कापूस आणि पाणी यांचं वैर, म्हणून की काय, पाण्याच्या जातीपाती त्यांना तोंडपाठ. नदीचं पाणी शरीफ, भोंगा वाजवून येतं. जमिनीतलं पाणी चोर, पाऊस उघडल्यावर फरशीतून वर येतं. आणि रस्त्याचं पाणी? "ते सरकारी," मामू म्हणतात. "त्याला बोलून फायदा न्हाई."

फार हुशार आहेत असं समजू नका. एकदा फरशी ओली दिसली तर चोर सापडला म्हणून अर्धी खोली उकरली. रांजण पाझरत होता.

पण रस्त्याचं त्यांचं म्हणणं मलाही पटायचं. आमच्या गल्लीत दर खेपेला जुन्या सिमेंटवर नवं सिमेंट ओततात. रस्ता चढतो, घरं खाली जातात. मागच्या खेपेला मामू खुर्ची टाकून रस्त्याच्या मधोमध बसले. आधी खरवडा, मग टाका, एवढंच धरून बसले. ठेकेदाराच्या माणसांनी वाद घातला नाही. खुर्चीच्या चारी बाजूंनी सिमेंट ओतलं आणि निघून गेले. संध्याकाळी मामू खड्ड्यातून उठले ते थेट विटा आणायला गेले.

रस्ता एक थर चढला की मामूंचा उंबरा दोन थर चढायचा. होता होता तो गुडघ्याच्या वर गेला. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून खोळी आत फेकायचं. खाला, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर पाट ठेवून बायकांना आत घ्यायची. ती गेली, पाटही गेला.

आणि त्या उंबऱ्यानं अडवलेलं पाणी जायचं कुठं? माझ्या दारात! दर पावसाळ्यात मी ओट्यावर उभी राहून मामूंचा उद्धार करायची. ते शांतपणे म्हणायचे, "शोभाबाई, ते पाणी रस्त्याचं हाय. भांडण रस्त्याशी कर."

औंदा भादव्यात माझी लेक बाळंतपणाला घरी आली होती. मधल्या खोलीत बाळ-बाळंतीण निजलेली. दुपारी आभाळ फाटलं. तेवढ्यात धरणाचा भोंगा वाजला आणि सगळी गल्ली नदी बघायला पळाली, आमचे हेसुद्धा. मामू तेवढे दारात उभे राहून ओरडत होते की नदीला अजून टाइम हाय, पाठीमागं बघा. कोण ऐकतंय!

वरच्या आळीचं पाणी रस्त्यानं लोंढ्यासारखं आलं, मामूंच्या उंबऱ्यावर आपटलं आणि वळून माझ्या घरात घुसलं. बघता बघता बाजेचे पाय बुडाले. लेक बाळाला छातीशी धरून बाजेवर उभी, टाके ओले, रडून राहिली. तिला घेऊन जाऊ तर कुठं जाऊ? रस्त्यावर पाय ठरत नव्हता. मी बादलीनं उपसत होते आणि तोंडानं मामूंना शिव्या देत होते.

मामूंनी माझ्या खिडकीतून लेकरू बघितलं. आत गेले, पहार घेऊन आले आणि स्वतःचाच उंबरा फोडायला लागले. विटा सुटल्या तसं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि उघड्या मागच्या दारानं घरामागच्या नाल्यात पडायला लागलं. त्याच्याबरोबर कापूस निघाला, लग्नाच्या ऑर्डरीच्या गाद्या निघाल्या.

मी म्हटलं, "मामू, धंदा चालला तुमचा."

"तू लेकराकडं बघ," गुडघाभर पाण्यात पहार रोवून म्हातारा गरजला. "माझ्या घरातनं पाणी कसं न्यायचं ते मी बघतो."

माझ्या घरातलं पाणी उतरलं. बाळ कोरडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमचे हे सिमेंटची गोणी घेऊन गेले, उंबरा परत बांधून देतो म्हणाले. मी मागून चहा घेऊन गेले. मामू ओल्या भिंतीला टेकून बसले होते. बांधायचं नाही म्हणाले. सरपंचाला सांगून आलो, आता रस्ता खाली येईल, उंबरा वर जाणार न्हाई.

"अन् तवर पाणी आलं तर?" मी विचारलं.

"येऊ दे." ते फुटक्या उंबऱ्याकडं बघत राहिले. "ती गेल्यापासून या दारातनं कोनी आत आलं नव्हतं, बाई. काल पाणी तरी आलं."

मी हातातला चहा खाली ठेवला आणि तिथूनच लेकीला हाक मारली, बाळाला घेऊन मामूंच्या घरी ये म्हणून.