गिरधरभाईंचं प्रमाणित तोंड

कोरीटच्या गिरधरभाई पटेलांकडे एक बंदूक होती. ती वडिलांच्या मागे रीतसर त्यांच्या नावावर झाली होती, परवान्यावर तिचा उद्देश ‘पीक संरक्षण’ असा लिहिलेला होता, आणि तिने आजवर एकही रानडुक्कर मारलं नव्हतं. ती वाजली की डुकरं तापीच्या काठाकाठाने शेजारच्या शेतात जात, एवढंच. शेजाऱ्याकडे बंदूक नव्हती. त्यामुळे कायदा आणि सुव्यवस्था अबाधित होती.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि परवानाधारकांनी आपली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत असा हुकूम निघाला. करोनाचे दिवस होते. गिरधरभाई कायद्याला धरून चालणारे. त्यांनी नाकातोंडावर मास्क चढवला, बंदूक खोळीत घालून खांद्याला लावली आणि मोटरसायकल काढली.

नाक्यावर शिपायाने अडवलं. तोंड झाकून शस्त्र बाळगणं हा परवान्याच्या अटींचा भंग होता. गिरधरभाईंनी मुकाट मास्क उतरवला. तेवढ्यात शेजारच्या तंबूतून आरोग्य पथकाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. सार्वजनिक जागी तोंड उघडं ठेवणं हा साथरोग आदेशाचा भंग होता. मास्क चढवला की शिपाई उठे, उतरवला की तंबूतला उठे. दोघंही सभ्य होते आणि दोघांचंही बरोबर होतं. बंदूक इथेच ठेवून जातो म्हटलं, तर शस्त्र बेवारस टाकण्याचा वेगळा गुन्हा. तुम्हीच जमा करून घ्या म्हटलं, तर ते काम ठाण्याचं. आणि ठाण्याच्या दारावर पाटी होती, मास्कशिवाय प्रवेश नाही.

“साहेब, बंदूकबी मन्हीच शे, तोंडबी मन्हंच शे,” गिरधरभाई शेवटी म्हणाले. “मंग दोन्हीसमा झगडा कसाना शे?”

शिपायाने हा प्रश्न वर कळवला. वर बैठक बसली. पोलिसांनी तोंड उघडं मागितलं, आरोग्यवाल्यांनी झाकलेलं, आणि चहानंतर तोडगा निघाला. परवानाधारकाने स्वतःचंच तोंड छापलेला मास्क लावावा, म्हणजे तोंड झाकलंही जाईल आणि दिसेलही. मात्र छापलेलं तोंड परवान्यावरच्या फोटोबरहुकूम असावं आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का असावा.

नंदुरबारच्या एका फोटोवाल्याने तसा मास्क करून दिला. परवान्यावरचा फोटो गिरधरभाईंच्या तरुणपणचा. त्यामुळे साठीतल्या डोळ्यांखाली काळीभोर मिशी आली आणि खालच्या ओठावर गोल शिक्का. वत्सलाबाईंनी नवऱ्याचं हे ध्यान ओट्यावर उभं राहून सावकाश न्याहाळलं.

“हाई तोंड तुमनं शे का सरकारनं?” त्यांनी विचारलं.

गिरधरभाई काहीतरी बोलले, पण छापलेल्या ओठांमागून ते नीट ऐकू आलं नाही. ठाण्यात मात्र कुणी हसलं नाही. गोवाल हवालदारांनी परवाना मास्कशेजारी धरला, मिशीला मिशी ताडून पाहिली, मास्कसकट त्यांचा फोटो काढून घेतला आणि बंदूक जमा केली.

निवडणूक झाली, सरपंच खुर्चीत बसले, पण बंदूक परत देण्याचा आदेश काही निघेना. डुकरांना कुठलीच आचारसंहिता लागू नव्हती. त्यांनी केळीचा मळा आडवा केला आणि मग उसात शिरली. गिरधरभाई डबा बडवत, ओरडत बांधाबांधाने धावले आणि आवाज घालवून बसले. आदेश हाती पडला तोवर गावोगावची मास्कची सक्तीच उठली होती. ते मोकळ्या तोंडाने, हसतमुखाने ठाण्यात गेले.

गोवाल हवालदारांनी बंदूक जमा करताना काढलेला फोटो पाहिला, मग गिरधरभाईंकडे पाहिलं. बंदूक जमा करणाऱ्याला काळी मिशी होती. समोरच्याला मिशीच नव्हती. गिरधरभाईंनी घरून तो मास्क मागवला आणि लावला. ओळख लगेच पटली. पण सक्तीबरोबर ती खास सवलतही उठली होती, आणि तोंड झाकलेल्या माणसाच्या हाती शस्त्र देणं नियमात बसत नव्हतं. मास्क लावला तर ते गिरधर होते, पण बंदूक मिळत नव्हती. काढला तर बंदूक मिळण्यासारखी होती, पण ते गिरधर नव्हते.

हवालदार मनाने चांगले होते. त्यांनी एक वाट काढली आणि रांगेकडे वळून विचारलं, “यांना ओळखणारं इथे कुणी आहे का? नाव सांगायचं, सही करायची. पुढे कधी बोलावलं तर यावं लागेल.”

रांगेत धानोऱ्याचे बियाण्याचे व्यापारी फुलचंद शेठ होते. गिरधरभाईंनी उभ्या जन्मात दुसऱ्या दुकानातून बी घेतलं नव्हतं. दोन तोंडझाक्यांनी गावठी कट्टा दाखवून शेठचं दुकान लुटलं होतं, त्याची तड लागली का ते विचारायला शेठ आले होते. त्यांना सांगण्यात आलं होतं की चोरांनी मास्क लावलेले असल्याने त्या वेळच्या आरोग्य आदेशाचा भंग झालेला नाही, आणि कट्ट्याला परवानाच नसल्याने परवान्याच्या अटींचाही नाही. चोरीचं तेवढं बघू. ‘पुढे बोलावलं तर’ हे शब्द ऐकताच शेठना मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

शेठच्या मागे कोरीटचाच मिथुन उभा होता, गिरधरभाईंच्या भाऊबंदातला. करोनात गल्लीतली दारं पटापट लागली, तेव्हा मिथुनच्या बापाला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारे गिरधरभाईच होते. मिथुन ‘काका’ म्हणायला गेला. मग त्याला आपल्या पासपोर्टची पोलीस चौकशी अजून व्हायची आहे हे आठवलं. त्याने गळ्यातला रुमाल डोळ्यांपर्यंत वर ओढला.

“पाहिल्यासारखं वाटतं,” तो रुमालाआडून म्हणाला, “पण खात्री नाही.”

गिरधरभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी परवाना टेबलावर ठेवला, बंदूक सरकारजमा करायला सांगितलं आणि ते बाहेर पडले. हवालदारांनी शेरा मारला: उपस्थितांपैकी कुणीही ओळखलं नाही.

उपस्थितांत आणखीही बरेच जण होते. त्यांची नावं देत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी त्या रांगेत असेल, तर अजूनही सांगायला हरकत नाही. फक्त सही करावी लागेल, आणि पुढे कधी बोलावलं तर यावं लागेल.