बाल्कनीत जाऊन गार झाले!

माझं मन अगदी माझ्या मुठीत असतं बरं का! सातवा महिना लागलाय, तरी रागावर पूर्ण ताबा. डॉक्टरीणबाईंनी युक्तीच तशी दिलीय. डोकं तापलं की खोलीतून बाहेर पडायचं, मोठे श्वास घ्यायचे आणि शांत होऊन परत यायचं. इतकं सोपं! शेजारच्या वहिनींनाही मी ती आग्रहानं शिकवली.

परवा दुपारी गॅसवर दूध ठेवलं आणि वळून बघते तो काय! आमच्या अडीच वर्षांच्या टिल्लूनं धुतलेल्या कपड्यांवर पावडरचा अख्खा डबा उपडा केलेला!

"हे काय केलंस?"

"बर्फ!"

मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. आणि मग असा संताप आला म्हणून सांगू! तडक बाल्कनीत गेले नि दार धाडकन लावून घेतलं. पाच-सहा श्वास घेतले. कसं शांत शांत वाटलं. आणि एकदम आठवलं, दूध!

दार ढकललं. हलेना! खांदा लावला. ढिम्म!

"टिल्लू, कडी लावलीस? काढ बघू राजा!"

टिल्लू दाराच्या काचेला आतून नाक लावून उभा. "राग गेला?"

"गेला रे सोन्या!"

त्यानं मला नीट निरखलं. "नाही गेला," म्हणाला, आणि चक्क स्वयंपाकघराकडे निघाला!

अहो, पोटात गोळा येणं म्हणतात ना, तो आला. तिथे जागा नसताना आला! आत पेटता गॅस, उकळतं दूध आणि माझं एवढंसं पोर! मी कठड्याला धरून किंचाळले, "धावा! कुणीतरी धावा!"

खालच्या रस्त्यावरून वहिनी येत होत्या. "कळा सुरू झाल्या?"

"नाही हो! टिल्लू आत एकटाय! गॅस..."

पण ऐकतंय कोण! "घाबरू नका! जोर लावू नका!" असं ओरडत त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या चष्म्याच्या दुकानाकडे पळाल्या.

इकडे आतून जळका वास येऊ लागला. मी रडत, देवाला हाका मारत, सगळ्या देहानिशी दारावर आदळत होते.

अखेर नवरा आला! नाकावर गिऱ्हाइकाचे नंबर तपासायची ती अगडबंब फ्रेम तशीच, मागे वहिनी, आणि मला उचलून न्यायला खुर्ची घेतलेले दोन अनोळखी इसम. त्यानं आधी गॅस बंद केला. टिल्लू ओट्याखाली बसून बटाट्यांना पावडर लावत होता. सुखरूप! त्याला कडेवर घेऊन नवरा दाराशी आला.

"अगं, मागे हो! दार दाबून उभी आहेस तू!"

मी मागे झाले. दार अलगद उघडलं. मी टिल्लूला छातीशी धरून हुंदके देत म्हटलं, "यानंच कडी लावली!"

"कडी लागलेलीच नव्हती. त्याचा हात तरी पोचतो का तिथे?"

"मग दार उघडेना कसं?"

नवऱ्यानं ती फ्रेम काढली. "गेल्या आठवड्यात सुताराशी भांडून दार बाहेर उघडणारं कुणी करून घेतलं? आत उघडलं की पोटाला लागतं म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी डोळे पुसले. "बिजागरी अडकली असणार," मी म्हटलं. बिचाऱ्या खुर्चीवाल्यांनी मानही डोलावली.

तेवढ्यात टिल्लू माझ्या कडेवरून खाली घसरला, बाल्कनीत गेला आणि सगळ्यांदेखत त्यानं एका हातानं दार लावून, ओढून उघडून दाखवलं.

कुणी सांगितलं नसताना आणखी दोनदा!